थरथरत्या हातापासून स्थिर चित्रापर्यंत
भंडाऱ्याच्या जंगलाच्या निमित्ताने छायाचित्रणातील स्थिरीकरणाचा मागोवा

२०१३ साली नागझिऱ्याच्या जंगलातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. वैनगंगा आणि राष्ट्रीय महामार्ग ओलांडून तो उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला आणि तिथेच रमला. 'शोले'मधल्या पात्रावरून त्याचे नाव 'जय' पडले. पवनी तालुक्यातही पसरलेले हे छोटे अभयारण्य त्याच्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे देशभरच्या छायाचित्रकारांच्या नकाशावर आले. एप्रिल २०१६ नंतर मात्र जय कोणाला दिसला नाही. त्याचा शोध पुढे बराच काळ चालला, वर्तमानपत्रांतून तर्क-वितर्क झाले.

अमुक ठिकाणी दिसलेला वाघ तोच की दुसरा, असा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा निवाडा करतात ते त्याच्या अंगावरचे पट्टे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. ज्या छायाचित्रात पट्टे मोजता येतात ते नोंद म्हणून टिकते. ज्यात ते एकमेकांत मिसळले आहेत, ते पाहणाऱ्याच्या आठवणीपुरते उरते. भंडारा-गोंदियाच्या जंगलांत आज शेकडो हौशी माणसे लांब लेन्स घेऊन जातात, आणि त्यांच्यापैकी अनेकांची छायाचित्रे या दृष्टीने उपयोगी पडू शकतात. हे शक्य झाले ते गेल्या तीस वर्षांत विकसित झालेल्या एका तंत्रामुळे. हात हलला तरी चित्र न हलू देणारे हे तंत्र म्हणजे प्रतिमा-स्थिरीकरण. ते लेन्समध्ये असावे की कॅमेऱ्याच्या बॉडीत, हा वाद छायाचित्रकारांत अजून चालतो. त्या वादाचा इतिहास पाहिला, की या तंत्राने जंगलात काय दिले आणि काय देणे त्याला शक्य नव्हते, हे दोन्ही कळते.

पट्ट्याचा हिशोब

आधी प्रश्नाचे माप घेऊ. वाघ ८० मीटरवर उभा आहे आणि कॅमेऱ्याला ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. वाघाच्या अंगावरचा २ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सेन्सरवर जेमतेम ०.१२५ मिलिमीटर रुंदीचा उमटतो. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर आडवे ६,००० बिंदू असतील, तर त्या पट्ट्याच्या वाट्याला सुमारे २१ बिंदू येतात. आता शटर उघडे असताना कॅमेरा अंशाच्या सत्तराव्या भागाइतका जरी कलला, तरी चित्र तेवढेच, म्हणजे साधारण वीस-एकवीस बिंदू सरकते आणि काळा पट्टा शेजारच्या पिवळ्या रंगात विरघळतो. अंशाचा सत्तरावा भाग म्हणजे किती, याची कल्पना हाताला येत नाही. श्वास घेताना छाती हलते त्यापुढे तो काहीच नाही.

म्हणून जुन्या छायाचित्रकारांनी एक अंगठेनियम बांधला होता: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा शटर अधिक वेळ उघडे ठेवू नये. ५०० मिलिमीटरला एक-पाचशेअंश सेकंद. भर उन्हात, तळ्याकाठी हे जमते. मिश्र पानझडी जंगलात, सूर्य नुकताच वर येत असताना, कोडाक्रोम ६४ सारखी फिल्म आणि ५.६ च्या छिद्राची लेन्स घेतली तर पुरेशा प्रकाशासाठी एक-दशांश सेकंदाच्या आसपास वेळ लागे. हवे त्याच्या पन्नासपट. वाघाची आणि बिबट्याची वेळ नेमकी हीच, पहाट आणि संध्याकाळ.

झाडाला बांधलेला कॅमेरा

या अडचणीवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे कॅमेरा माणसाच्या हातातूनच काढून घेणे. भारतात तो फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तडीस नेला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याने संयुक्त प्रांताच्या जंगलात वाघाच्या वाटेवर कॅमेरे रोवले, आडवी तार लावली आणि तारेला पाय लागताच मॅग्नेशियमचा झोत पेटेल अशी योजना केली. कॅमेरा जागचा हलत नव्हता आणि झोत क्षणभराचा होता, त्यामुळे काळोखातही पट्टे स्पष्ट उमटले. या पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, हेही त्याने त्याच चित्रांवरून दाखवले. त्याचे पुस्तक १९२७ साली आले. २००६ पासून देशभरच्या व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप हे याच कल्पनेचे वंशज आहेत. तारेची जागा उष्णतेची चाहूल घेणाऱ्या संवेदकाने घेतली एवढेच.

पण ज्याला स्वतः पाहत पाहत चित्र टिपायचे आहे, त्याच्यापुढे ट्रायपॉड, मचाण आणि थांबणे एवढेच मार्ग होते. १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन्ही वने भंडारा जिल्ह्यातच होती. नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा १९७० मध्ये आणि नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा १९७५ मध्ये मिळाला. मराठी वाचकाला ही जंगले प्रथम भेटली ती शब्दांतून. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणि वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस' ही त्याची ठळक उदाहरणे. पुढे किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात दीर्घ मुक्काम केला, त्याचेही पुस्तकच झाले. या लेखनाची पद्धत पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: पाणवठ्यापाशी तासन् तास न हलता बसणे हा तिचा पाया आहे. त्या काळी स्थिर राहण्याचे काम माणसालाच करावे लागे, मग त्याच्या हातात पेन्सिल असो, दुर्बीण असो वा कॅमेरा.

भिंग हलू लागले

हात हलणारच, तर त्याच्या उलट दिशेने भिंग हलवावे, ही कल्पना आधी चलच्चित्राच्या क्षेत्रात रुजली. १९६० च्या दशकात हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश संशोधकाने 'डायनालेन्स' बनवली. दोन काचांमध्ये द्रव भरलेला हा कोनबदल करणारा लोलक होता. कॅमेरा कलला की काचा उलट्या कलत आणि प्रकाशकिरण मूळ जागी येत. हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या चित्रीकरणाला त्याचा उपयोग झाला. पण ते अवजड यंत्र होते. सामान्य कॅमेऱ्यात हे तंत्र यायला फिरण्याचा वेग मोजणारे लहान, स्वस्त कंपन-गायरो आणि त्यांचे गणित क्षणात सोडवणारी चिप, दोन्ही हवे होते. ते १९९० च्या दशकात आले.

१९९४ मध्ये निकॉनने एका छोट्या फिल्म कॅमेऱ्यात, झूम ७०० व्हीआरमध्ये, कंपन कमी करणारी लेन्स बसवली. १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. एसएलआर कॅमेऱ्याला बदलून लावता येणारी ही पहिली स्थिरीकरणयुक्त लेन्स. तिच्या पोटात भिंगांचा एक छोटा संच विद्युतचुंबकाच्या जोरावर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकत असे. फायदा सुमारे दोन स्टॉपचा, म्हणजे पूर्वीपेक्षा चौपट वेळ शटर उघडे ठेवता येई. १९९९ पर्यंत कॅननच्या ३०० ते ६०० मिलिमीटरच्या मोठ्या लेन्सना हे तंत्र मिळाले आणि २००० मध्ये निकॉनची ८०-४०० मिलिमीटरची लेन्स आली.

या पहिल्या पिढीची एक खोड होती. लेन्स ट्रायपॉडवर ठेवली की स्थिरीकरणाचा संच स्वतःच्याच सूक्ष्म कंपनाला हाताचे कंपन समजे आणि चित्र बिघडवी. म्हणून ट्रायपॉडवर बटण बंद करायची शिस्त पडली. नंतरच्या लेन्स ट्रायपॉड ओळखू लागल्या, पण ही शिस्त अनेकांच्या बोटांत अजून आहे.

सेन्सर हलू लागला

लेन्समधले भिंग हलवण्याचे कारण साधे होते: फिल्म हलवता येत नव्हती. फिल्मच्या जागी सेन्सर आला आणि हा अडसर गेला. २००३ मध्ये मिनोल्टाच्या डिमाज ए-१ या कॅमेऱ्यात सेन्सरच सरकू लागला. २००४ मध्ये कोनिका मिनोल्टाने हीच युक्ती बदलत्या लेन्सच्या डिजिटल एसएलआरमध्ये आणली. २००६ मध्ये त्या कंपनीने कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला आणि तो वारसा सोनीकडे गेला. पेंटॅक्स आणि ऑलिम्पस यांनीही हाच मार्ग धरला. त्यांचा दावा बिनतोड वाटे: एकदा बॉडीत पैसे घातले की जुनी-नवी कोणतीही लेन्स स्थिर होते.

तरीही कॅनन आणि निकॉन लेन्सच्याच बाजूने राहिले, आणि त्यांच्या बाजूला आरशाचे एक कारण होते. एसएलआरमध्ये डोळ्याला दिसणारे दृश्य आरशावरून येते. सेन्सर त्या वेळी आरशामागे असतो. सेन्सर हलवून स्थिरता आणली तरी छायाचित्रकाराला व्ह्यूफाइंडरमध्ये थरथरते चित्रच दिसणार. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून फांदीवरचा पक्षी चौकटीत धरून ठेवणे हेच मुळात अवघड. शिवाय फोकस मोजणारे संवेदकही आरशाकडूनच प्रकाश घेत, तेव्हा त्यांनाही हलते दृश्य मिळे. लेन्समधल्या स्थिरीकरणात डोळा, फोकस आणि सेन्सर या तिघांनाही शांत चित्र मिळत असे. म्हणून वन्यजीव छायाचित्रकारांचा कल त्या काळी लेन्सकडे होता, आणि तो बरोबर होता.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हे समीकरण बदलले. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ ने आरसा काढून टाकला. आता व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते सेन्सरनेच पाहिलेले असते. सेन्सर शांत झाला की डोळ्यापुढचे दृश्यही शांत होते. २०१२ मध्ये ऑलिम्पसच्या ई-एम-५ ने सेन्सरला पाच प्रकारच्या हालचाली दुरुस्त करायला शिकवले: वर-खाली कलणे, डावी-उजवीकडे वळणे, त्याच दोन दिशांना सरकणे आणि कॅमेरा चाकासारखा फिरणे. २०१४ मध्ये सोनीने ए-७ मार्क दोनमध्ये ते पूर्ण आकाराच्या सेन्सरला दिले, २०१८ मध्ये निकॉनने झेड-६ व झेड-७ मध्ये, आणि २०२० मध्ये कॅननने आर-५ व आर-६ मध्ये. पंचवीस वर्षे लेन्सची बाजू लढवणारी कंपनीही अखेर बॉडीकडे आली.

मग बॉडी की लेन्स?

इथे लेन्सची लांबी निर्णायक ठरते. समजा, हाताच्या धक्क्याने कॅमेरा अर्धा अंश कलला. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तो धक्का भरून काढायला सेन्सरने ०.४४ मिलिमीटर सरकले की पुरते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर त्याच धक्क्यासाठी सेन्सरला ५ मिलिमीटरहून अधिक सरकावे लागेल. सेन्सरच्या गाड्याला एवढी मोकळी जागा नसते, आणि लेन्सने टाकलेले गोल चित्रही तेवढे मोठे नसते. उलट लेन्समधला छोटा संच थोडा सरकला तरी पडद्यावरचे चित्र पुरेसे सरकावे, अशीच त्याची रचना असते. लांब लेन्समध्ये म्हणून लेन्सचे स्थिरीकरण मुख्य आणि बॉडीचे साहाय्यक.

उत्पादकांच्या आकड्यांतही हे दिसते. कॅननच्या २४-१०५ मिलिमीटर एफ-४ लेन्सला स्वतःचे पाच स्टॉप आहेत. आर-५ ची बॉडी जोडली की आठ होतात. १००-५०० मिलिमीटरच्या लेन्सलाही स्वतःचे पाच आहेत. तीच बॉडी जोडून होतात सहा. तीच बॉडी छोट्या लेन्सला तीन स्टॉप देते आणि लांब लेन्सला एकच. हे आकडे जपानच्या कॅमेरा-उद्योगाची संस्था 'सिपा' हिने २०१२ मध्ये ठरवलेल्या पद्धतीने, ठरावीक थरथराट देणाऱ्या यंत्रावर मोजलेले असतात, हेही लक्षात ठेवलेले बरे.

बॉडीचे एक काम मात्र लेन्सला जमत नाही. कॅमेरा चाकासारखा फिरला तर गोल भिंग सरकवून काही होत नाही, सेन्सरच फिरवावा लागतो. शटर दाबताना बोटाच्या दाबाने कॅमेरा नेमका असाच थोडा फिरतो. २०१५ पासून पॅनासॉनिकने आणि २०१६ पासून ऑलिम्पसने आपल्या ३०० मिलिमीटर लेन्समध्ये दोघांचे काम वाटून दिले: मोठे कलणे लेन्सकडे, फिरणे आणि उरलेसुरले बॉडीकडे. आज वन्यजीवांसाठी कॅमेरा निवडणाऱ्याला या इतिहासातून सरळ सल्ला मिळतो. पैसे मोजके असतील तर आधी स्थिरीकरणाची चांगली लांब लेन्स घ्यावी, बॉडी नंतर. आणि दोन्ही एकमेकांशी बोलणारी असावीत.

जे स्थिर करता येत नाही

सहा स्टॉप म्हणजे चौसष्टपट. ५०० मिलिमीटरवर एक-पाचशेअंशाऐवजी एक-अष्टमांश सेकंद, असा त्याचा हिशोब निघतो. पण हा हिशोब वाघ दगडासारखा बसला असेल तरच खरा. ४० मीटरवरून सेकंदाला दीड मीटर चालीने आडवा जाणारा वाघ एक-अष्टमांश सेकंदात सेन्सरवर २ मिलिमीटरहून जास्त सरकतो. पट्टे गेले. स्थिरीकरण आपला हात थांबवते, जनावराला थांबवत नाही. उडणाऱ्या पट्टकादंबासाठी किंवा पंख पसरलेल्या सारसासाठी जलद शटर लागतेच, आणि त्याला उजेड लागतो.

दुसरी मर्यादा गाडीची. सफारीच्या चार सिलिंडरच्या जिप्सीचे इंजिन मंद चालू असताना मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर त्याचे धक्के सेकंदाला सुमारे २७ पडतात. हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते आणि स्थिरीकरण मुख्यतः तशाच हालचालीसाठी जुळवलेले असते. गाडीच्या पत्र्यावर टेकवलेल्या लेन्सला इंजिनाचा तो बारीक थरकाप थेट मिळतो. यावर कोणत्याही कंपनीचा उपाय इंजिन बंद करण्याइतका चांगला नाही. तांदूळ भरलेली पिशवी दारावर टाकून तिच्यावर लेन्स ठेवणे हा दुसरा. दोन्हींना खर्च नाही, आणि इंजिन बंद झाल्याचा फायदा वाघालाही होतो.

अंतराचा प्रश्न

जय कऱ्हांडल्यात फिरत होता त्याच सुमारास, २०१३-१४ मध्ये, टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्स बाजारात आल्या. कॅननच्या १९९९ च्या ६०० मिलिमीटर लेन्सचे वजन पाच किलोंहून अधिक होते आणि किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर. टॅमरॉनची पहिली लेन्स दोन किलोंच्या आत होती. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार यांच्या हातात ६०० मिलिमीटर आले ते इथून. लांबून, शांतपणे, न डिवचता चित्र घेण्याचे साधन पहिल्यांदाच सर्वांना मिळाले होते.

त्याचा उपयोग तसा झाला का? व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी २०१२ मध्ये आलेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायला सांगितले आहे. शेपटीसह तीन मीटरचा वाघ २० मीटरवर आडवा उभा असेल, तर ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याचे चित्र ७५ मिलिमीटर लांब होते. सेन्सर आहे ३६ मिलिमीटरचा. वाघ चौकटीत मावतच नाही. तो मावायला सुमारे ४२ मीटर लांब राहावे लागते. लांब लेन्सवाल्याला नियमापेक्षा दुप्पट लांब राहण्यातच लाभ आहे. याउलट मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात २० मीटरवरचा तोच वाघ चौकटीच्या जेमतेम नवव्या भागात उमटतो. त्याला चौकट भरायची तर गाडी पुढे घ्यावी लागते. गाडीत सहा जण असतील, त्यातल्या एकाकडे लांब लेन्स आणि पाच जणांकडे मोबाइल असतील, तर चालकावर दबाव कोणत्या दिशेने येईल, हे वेगळे सांगायला नको.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात 'एफ-२' या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची दृश्ये पसरली, संबंधितांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ज्या अभयारण्यात दहा वर्षांपूर्वी जयमुळे लांब लेन्सची गर्दी सुरू झाली, त्याच अभयारण्यात हे घडले. तीस वर्षे खपून अभियंत्यांनी ८० मीटरवरचा पट्टा स्पष्ट केला, आणि गाड्या मात्र वाघिणीच्या अंगावर गेल्या.

भंडारा-गोंदियात ही गोष्ट वाघापुरती नाही. राज्यातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदियात आणि थोडे भंडाऱ्यात आहेत. त्यांची घरटी पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि तळ्या-बोड्यांच्या काठी असतात. घरट्याजवळ माणूस गेला की जोडी उठते आणि अंडी उघडी पडतात. रस्त्यावर किंवा लांबच्या धुऱ्यावर उभे राहून, हातात धरलेल्या स्थिर लेन्सने चित्र घेणे आज शक्य आहे. वीस वर्षांपूर्वी त्यासाठी ट्रायपॉड घेऊन बांधीत उतरावे लागले असते. या तंत्राचा इथे खरा उपयोग हाच आहे. छायाचित्र किती मीटरवरून घेतले, हे त्याच्याखाली लिहिण्याची प्रथा आपल्या प्रदर्शनांनी आणि मासिकांनी सुरू केली, तर स्पर्धा जवळ जाण्याची न राहता लांब राहण्याची होईल. अंतराचा अंदाज छायाचित्रकाराला असतोच.